भोंग्याची वेळ आणि देहाची वेळ

सिंक्रोनायझेशन आणि एन्ट्रेनमेंट ही एकाच घटनेची दोन नावे आहेत, त्यामुळे मराठीत त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र संज्ञा घडवणे म्हणजे परिभाषेचा भार विनाकारण वाढवणे होय, असे एक मत सुशिक्षितांच्या चर्चेत सहज मान्य होताना दिसते. दोन लयी जुळल्या की जुळल्या; त्या कोणी जुळवल्या, कोण कोणाकडे सरकले आणि जुळवणारा दूर झाल्यावर काय उरले, हे प्रश्न प्रयोगशाळेतील मोजक्या लोकांपुरते आहेत, सामान्य वाचकाला ‘समकालन’ एवढा एक शब्द पुरे, असा या मताचा रोख असतो. वरवर पाहता त्यात काटकसरीचे शहाणपण दिसते. परंतु दोन वेगळ्या खात्यांतील रकमा एकाच खात्यावर मांडल्या तर वही आटोपशीर होते आणि हिशेब बुडतो, तसा हा प्रकार आहे. आणि बुडालेला हिशेब कोणाच्या अंगावर येतो हे पाहण्यासाठी दादरा आणि नगर हवेलीतील सिल्वासा हे ठिकाण फार सोयीचे आहे.

दमणगंगेच्या काठचे हे गाव ज्या प्रदेशाचे मुख्य ठाणे आहे, तो प्रदेश जेमतेम ४९१ चौरस किलोमीटरचा, २०११ च्या जनगणनेनुसार ३,४३,७०९ लोकवस्तीचा आणि निम्म्याहून अधिक आदिवासी, म्हणजे मुख्यतः वारली, कोकणा आणि धोडिया लोकांचा. करसवलतींच्या आधारे येथे जे कारखाने आले, त्यांत पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यांचे स्थान मोठे आहे. वितळलेले पॉलिमर बारीक छिद्रांतून सतत खेचून धागा काढण्याची ही प्रक्रिया संध्याकाळी थांबवून सकाळी पुन्हा सुरू करता येत नाही, कारण मधल्या काळात नळ्यांतील माल गोठतो किंवा जळतो आणि यंत्र पूर्वपदावर आणण्यात वेळ व पैसा दोन्ही जातात. म्हणून मसाट, खडोली, आमळी, पिपरिया या औद्योगिक पट्ट्यांत पाळ्या चालतात, आणि त्यांतील तिसरी पाळी रात्रीची असते. जेथे जेथे रात्रपाळी आहे तेथे तेथे एक वाक्य ऐकू येते, ‘चार-आठ दिवसांत अंगवळणी पडते’. हे वाक्य म्हणजे वर उल्लेखिलेल्या मताचीच बोलभाषेतील आवृत्ती आहे. कामगार वेळेवर येतो, यंत्राच्या वेळेशी त्याची वेळ जुळते, म्हणजे त्याचा देहही त्या वेळेशी जुळला, असे त्यात गृहीत धरलेले असते. आणि हे गृहीत चुकीचे आहे.

चूक कोठे आहे हे समजण्यासाठी शब्दांच्या मुळाशी जावे लागते. सिंक्रोनायझेशन हा ग्रीक मुळाचा शब्द असून त्यात ‘सोबत’ आणि ‘काळ’ या दोन कल्पना जोडलेल्या आहेत, त्यामुळे समकालन हा त्याचा मराठी पर्याय अर्थाला धरून आहे. एन्ट्रेनमेंटमागे मात्र फ्रेंच भाषेतील ओढून नेणे, बरोबर खेचणे या अर्थाचे क्रियापद आहे. डब्यांना ओढणाऱ्या आगगाडीला ज्या धातूवरून ट्रेन म्हणतात, तोच हा धातू. म्हणजे पहिल्या शब्दाचा भर काळाच्या नात्यावर आहे आणि दुसऱ्याचा ते नाते घडवणाऱ्या ओढीवर. या लेखात दुसऱ्या शब्दासाठी ‘अनुलयन’ असा पर्याय वापरला आहे. ज्याला स्वतःची लय आहे अशा वस्तूने किंवा जीवाने दुसऱ्या लयीच्या प्रभावाखाली आपली लय वळवणे, असा त्याचा अर्थ घ्यावा. व्याख्येतील पहिली अट विशेष महत्त्वाची आहे, कारण ज्याला स्वतःची लयच नाही त्याला ओढता येते, ढकलता येते, पण त्याचे अनुलयन होऊ शकत नाही.

मराठी कानाला हा भेद नवा नाही. संगीताच्या बैठकीत ‘समेवर येणे’ आणि ‘लय धरणे’ हे दोन वेगळे प्रयोग आहेत. गायक आणि तबलजी आवर्तनभर आपापल्या वाटेने हिंडून समेवर एकत्र येतात तेव्हा त्या एका क्षणाचे जुळणे हे समकालनाचे उदाहरण असते, मग मधल्या मात्रांत त्यांचे काहीही का चाललेले असेना. उलट नवखा विद्यार्थी ठेक्याच्या ओढीने हळूहळू त्या गतीत शिरतो, तेव्हा ‘त्याने लय धरली’ असे म्हटले जाते, आणि या प्रयोगात कोणी कोणाची लय धरली हे सांगावेच लागते. ज्या भाषेत हा फरक बैठकीतला श्रोताही सहज करतो, त्या भाषेतील परिभाषेने तो पुसून टाकावा, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

आता केवळ समकालन असलेले आणि अनुलयनाचा लवलेश नसलेले उदाहरण घ्यावे, आणि ते सिल्वासातच भिंतीवर टांगलेले आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे आणि सिल्वासा ७३ अंशांच्या आसपास आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सिल्वासात सूर्य माथ्यावर येतो तो वर्षाच्या सरासरीने घड्याळात १२ वाजून ३८ मिनिटे झाल्यावर. आसामातील दिब्रुगड येथे हीच घटना ११ वाजून १० मिनिटांच्या सुमारास घडते. दोन्ही ठिकाणची घड्याळे सेकंदासेकंदाने जुळलेली असतात, कार्यालये एकाच आकड्यावर उघडतात, रेल्वेचे वेळापत्रक एकच असते. आणि तरीही दोन्हीकडच्या माणसांच्या देहांना सूर्य जवळजवळ दीड तासाच्या अंतराने हाक देतो. घड्याळांचे हे जुळणे ठरावाने झालेले आहे. त्यासाठी कोणत्याही जैविक लयीला वळण द्यावे लागले नाही, आणि उद्या ठराव बदलला तर काटे तासाभराने पुढे सरकवायला एक मिनिट पुरेल.

ठरावाची वेळ आणि उन्हाची वेळ यांतील हे अंतर लोकांना पूर्वी चांगलेच जाणवत असे. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली ‘मुंबई वेळ’ मुंबईच्या सूर्याशी जुळणारी होती, आणि सिल्वासाच्या सूर्याशीही तिचा फरक जेमतेम मिनिटाचाच ठरला असता. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांतील हजारो कामगारांनी काम बंद ठेवून तिला विरोध केला, कारण गिरणीचा भोंगा आता उजाडण्याच्या हिशेबाने सुमारे ३९ मिनिटे आधी वाजणार होता. शहराच्या कारभारात मुंबई वेळ त्यानंतरही कित्येक दशके टिकून राहिली. या विरोधाला जुन्याच्या हट्टाचे नाव देणे सोपे आहे. पण गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या त्या माणसांनी नकळत एक शास्त्रीय मुद्दा मांडला होता, तो असा की भोंगा सरकवल्याने पहाट सरकत नाही.

देहाची लय भोंग्याने का सरकत नाही, याचे उत्तर विसाव्या शतकातील कालजीवशास्त्राने दिले. मुळात या शास्त्राचा आरंभ एका परिचित झाडापासून झाला. झां-जाक द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ मध्ये असे नोंदवले की दिवसा पाने उघडणारी आणि रात्री मिटणारी लाजाळूसारखी संवेदनशील वनस्पती अंधारात ठेवली तरी तिचे उघडणे-मिटणे चालूच राहते. म्हणजे ही लय सूर्याने दिलेली नाही, वनस्पतीची स्वतःची आहे; सूर्य तिला केवळ वळण लावतो. माणसाच्या बाबतीत या अंगच्या लयीचा कालावधी, १९९९ मध्ये चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार, सरासरीने २४ तास ११ मिनिटे आहे. रोजची ही ११ मिनिटे प्रकाश कापून टाकतो, आणि म्हणून माणसाचा दिवस पृथ्वीच्या दिवसाबरोबर राहतो. प्रकाश मिळाला नाही तर महिन्याभरात साडेपाच तासांचा फरक साचतो. पूर्ण अंध असलेल्या अनेक व्यक्तींच्या बाबतीत नेमके हेच घडते: त्या गजराने उठतात, ठरल्या वेळी कामाला जातात, घरच्यांबरोबर जेवतात, समाजाच्या वेळेशी त्यांचे समकालन निर्दोष असते, आणि तरीही त्यांचे आतले घड्याळ दिवसेंदिवस मागे सरकत जाते, त्यामुळे काही आठवडे झोप नीट लागते आणि काही आठवडे भर दुपारी डोळे मिटू लागतात. एकच शब्द पुरेसा मानणाऱ्यांनी या माणसाचे वर्णन एका शब्दात करून दाखवावे. तो समकालित आहे म्हणावे तर त्याचा त्रास अदृश्य होतो; समकालित नाही म्हणावे तर त्याचा वक्तशीरपणा खोटा ठरतो.

रात्रपाळीतील डोळस कामगाराची अवस्था याहून वेगळी, पण तितकीच बोधक असते. त्याचे आतले घड्याळ सुटलेले नसते, ते सूर्यालाच बांधलेले राहते. पाळी संपवून तो सकाळी बाहेर पडतो तेव्हा कारखान्यातील दिव्यांपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असलेले ऊन त्याच्या डोळ्यांवर पडते आणि रात्रभरात घड्याळ थोडे सरकले असले तरी ते पुन्हा जागेवर आणले जाते. शिवाय साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घरच्यांबरोबर दिवसा जागून तो स्वतःच ते अधिक पक्के करतो. सायमन फोकर्ड यांनी कायम रात्रपाळी करणाऱ्यांवरील अभ्यासांचा २००८ मध्ये जो आढावा घेतला, त्यात मेलाटोनिन या अंधारात स्रवणाऱ्या संप्रेरकाची लय निकष म्हणून धरली होती; पूर्णपणे रात्रीशी जुळलेले कामगार ३ टक्क्यांहूनही कमी आढळले आणि लक्षणीय प्रमाणात जुळलेले चौघांत एकही भरले नाहीत. ही कायम रात्रपाळीवाल्यांची गोष्ट आहे. आठवड्याला किंवा पंधरवड्याला पाळी बदलणाऱ्यांना तर जुळायला अवधीच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्ककारक’ या गटात ठेवले, त्यामागे इतर पुराव्यांबरोबर ही न जुळलेली लयही आहे.

मग चार-आठ दिवसांत अंगवळणी पडते ते काय असते? अंगवळणी पडते ती सवय, आणि सवय म्हणजे अनुलयन नव्हे. दिवे, आवाज, चहा, मुकादमाची नजर आणि काम चुकण्याची भीती या गोष्टी झोपेवर थेट दाब आणून तिला झाकतात. कालजीवशास्त्रात या दाबाला लय वळवण्यापासून काटेकोरपणे वेगळे काढतात आणि त्यासाठी मराठीत ‘झाकोळ’ हा शब्द चालावा. झाकोळ असेपर्यंत आतली लय दिसत नाही, पण झाकोळ सरला की ती होती तेथेच सापडते. खरे अनुलयन झाले असेल तर ओढणारी लय काढून घेतल्यानंतर देहाची लय नव्या जागेपासून पुढे चालू लागते. नुसता झाकोळ असेल तर ती जुन्याच जागी असते. या एका कसोटीने दोन अवस्था वेगळ्या ओळखता येतात, आणि ही कसोटी मांडायची तर दोन शब्द लागतात.

कायद्याने या बाबतीत एक गमतीदार गोष्ट करून ठेवली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५७ व्या कलमानुसार मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीतील कामगाराची साप्ताहिक सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास, आणि मध्यरात्रीनंतर केलेले कामाचे तास आदल्या दिवसाच्या खात्यावर. हजेरीपटाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच होती, कारण तिच्यामुळे कामगाराची सुट्टी मध्यरात्रीच्या रेघेवर कापली जाण्यापासून वाचली. परंतु तिने सरकवला तो हिशेबाचा दिवस. विधिमंडळाला समकालन करता येते. अनुलयनाचा अधिकार त्याच्याकडे नाही.

याच्या उलट बाजूला, अनुलयन पूर्ण आहे आणि तरीही ‘एकाच वेळी’ असे काहीच घडत नाही, अशीही उदाहरणे आहेत, आणि एकशब्दवाद्यांना ती अधिक अडचणीची आहेत. कोंबडा आणि घुबड दोघेही एकाच सूर्याने बांधलेले आहेत, दोघांच्याही लयींचा कालावधी त्याने अचूक २४ तासांवर आणून ठेवला आहे, पण एकाचा दिवस तो दुसऱ्याची रात्र असते. क्रिस्तियान हायगेन्स याने १६६५ मध्ये एका आधारावर टांगलेल्या दोन लंबकांच्या घड्याळांत जी अद्भुत जुळणी पाहिली, तीत लंबक एकमेकांच्या विरुद्ध दिशांना झुलत होते. अनुलयनाची खूण टप्प्यांचे एकरूप होणे ही नाही. दोन लयींच्या कालावधींचे ठरावीक नाते बसणे आणि त्यांच्या टप्प्यांतील अंतर स्थिर राहणे, हे त्याचे लक्षण आहे. ते अंतर शून्यही असू शकते, सहा तासांचेही आणि बारा तासांचेही. ‘समकालन’ या शब्दाचा मराठी वाचकाला सहज भासणारा अर्थ मात्र ‘एकाच वेळी होणे’ हाच आहे, आणि घुबडाच्या बाबतीत तो शब्द वापरला की वाचकाची दिशाभूल ठरलेलीच.

भारतातील एका सुंदर प्रयोगाने या विषयात मोलाची भर घातली आहे. मदुराई कामराज विद्यापीठातील एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी जी. मारिमुथु व एस. राजन यांनी १९८१ मध्ये गुहेत राहणाऱ्या वटवाघळांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. गुहेच्या आतल्या, सतत अंधार असलेल्या भागात पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळांना बाहेरचा सूर्यास्त दिसण्याचा काही मार्ग नव्हता. तरीही भोवती मोकळी वसाहत नांदत होती तोवर, ती संध्याकाळी बाहेर पडे आणि पहाटे परते या हालचालीच्या आधाराने, कैद वटवाघळांची लयही २४ तासांवर टिकली. मोकळी वटवाघळे नसलेल्या ठिकाणी मात्र तीच लय स्वतःच्या कालावधीने भरकटू लागली. संगतीनेही अनुलयन होऊ शकते, हे यातून दिसते, आणि मग सिल्वासाच्या कामगाराला त्याच्या सोबत्यांची संगत रात्रीशी का बांधत नाही, असा प्रश्न एकशब्दवादी विचारू शकतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की पिंजऱ्यातील वटवाघळाला प्रकाशाची दुसरी, अधिक बळकट हाक ऐकू येत नव्हती. कामगाराला ती रोज सकाळी फाटकातून बाहेर पडताच ऐकू येते. अनुलयनात ओढणाऱ्याचे बळ मोजावे लागते, आणि दोन ओढणारे असतील तर कोणाची ओढ भारी हे पाहावे लागते.

एकशब्दवाद्यांचा सर्वांत भक्कम आधार भौतिकशास्त्रात आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे योग्य ठरणार नाही. पिकोव्स्की, रोझेनब्लुम आणि कुर्ट्स यांच्या २००१ च्या प्रसिद्ध ग्रंथात समकालन ही व्यापक संकल्पना मानून, परस्परांवरील क्षीण प्रभावामुळे लयींचे जुळणे अशी तिची मांडणी केलेली आहे. बाहेरच्या लयीने एकाला ओढणे हा तीतील एक प्रकार. दोघांचा एकमेकांवर प्रभाव असतो, त्यांतील एकाचा प्रभाव वाढवत नेला आणि दुसऱ्याचा शून्याकडे नेला की परस्पर समकालनाचे एकतर्फी ओढण्यात रूपांतर होते, म्हणजे फरक प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही, असा हा युक्तिवाद आहे. विजेच्या जाळ्यात तो डोळ्यांनी पाहता येतो. सिल्वासाचे कारखाने ज्या पश्चिम विभागाच्या जाळ्यावर चालतात, त्यावर तारापूर आणि काक्रापारच्या अणुवीज केंद्रांसह असंख्य जनित्रे सेकंदाला ५० आवर्तनांच्या एकाच लयीने फिरतात, आणि ती लय कोणा एकाची नसून सर्वांच्या परस्पर ओढाताणीतून ठरते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हा दोन प्रचंड लयी एक झाल्या. त्यात कोणी कोणाला धरले असे म्हणणे अवघड आहे, आणि अभियंते त्याला समकालन म्हणतात ते अगदी यथार्थ आहे. जुलै २०१२ मधील वीजपुरवठा खंडित होण्याच्या घटनेत पश्चिम विभाग उत्तरेपासून तुटला तेव्हा दोन्हीकडची आवर्तने ताबडतोब वेगळी झाली. पण याच जाळ्याला एखाद्या कारखान्याने आपले लहानसे जनित्र जोडले, तर जाळ्याची लय त्याच्यामुळे मोजता येईल इतकीही हलत नाही, जनित्राला मात्र ती पूर्णपणे पाळावी लागते. अभियंता यालाही समकालनच म्हणतो, आणि भौतिकशास्त्रज्ञ मान डोलावतो.

त्याच्या हिशेबात चूक नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. झाडावरून नारळ पडतो तेव्हा पृथ्वीही नारळाकडे ओढली जाते, हे न्यूटनच्या नियमानुसार खरेच आहे. म्हणून ‘नारळ आणि पृथ्वी एकमेकांजवळ आले’ असे कोणी बोलत नाही, आणि खाली उभ्या माणसाला तर ‘पडतो आहे’ हाच शब्द उपयोगी पडतो. टोकाच्या अवस्था एकाच समीकरणातून निघाल्या तरी त्यांना स्वतंत्र नावे लागतात, कारण त्यांतून निघणारे प्रश्न वेगळे असतात. माणसाचा देह सूर्याला ओढत नाही. तेथे परस्परतेचे समीकरण लिहिणे म्हणजे नारळाच्या वजनाने पृथ्वी किती सरकली हे मोजत बसणे. संगीताच्या अभ्यासकांनी शब्दांचा पसारा उलट्या बाजूने वाढवला, हेही येथे नोंदवले पाहिजे: मार्टिन क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनात एन्ट्रेनमेंट हीच व्यापक संज्ञा असून परस्पर जुळणेही तीत मोडते, आणि क्लेटन यांच्या २००७ च्या अभ्यासात, एकमेकांशी ताल जुळवण्याची कसलीही अपेक्षा नसलेल्या तंबोरावादकांच्या बोटांतही नकळत जुळणी आढळली. शास्त्राशास्त्रांत व्यापक शब्द कोणता हे बदलते. तरीही जुळणाऱ्याला स्वतःची लय असली पाहिजे आणि प्रभाव प्रत्यक्ष पोहोचला पाहिजे, या दोन अटी क्लेटनही सोडत नाहीत आणि पिकोव्स्कीही सोडत नाहीत. केवळ एकाच ठोक्याला घडणाऱ्या गोष्टींना दोघांपैकी कोणीही आपल्या संकल्पनेत घेत नाही. मराठी एकशब्दवादी ज्या अर्थाने समकालन म्हणतो तो अर्थ भौतिकशास्त्राचाही नाही, हे त्याच्या लक्षात आलेले दिसत नाही.

याच कारखान्यांतील साधी इंडक्शन मोटर या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चार ध्रुवांच्या मोटरमधील चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे करते आणि तिचा फिरता भाग सुमारे १४४० फेरे घेत सतत थोडा मागे राहतो, कारण मागे राहिला नाही तर त्यात बळच निर्माण होणार नाही. त्याला स्वतःची लय नाही आणि तो क्षेत्राशी जुळतही नाही. येथे समकालनही नाही आणि अनुलयनही नाही, नुसते ओढले जाणे आहे. ‘ब्रेनवेव्ह एन्ट्रेनमेंट’ या नावाने कानाला लावायचे आवाज विकणाऱ्यांनी ही मोटर एकदा पाहावी; मेंदूने प्रत्येक ठोक्याला एक प्रतिसाद देणे हे अनुलयन ठरत नाही, तसे ते ठरले असते तर टिचकीला दरवेळी आवाज देणारा डबाही लय धरणारा म्हणावा लागला असता.

एवढ्यावरून असे समजू नये की प्रत्येक घटना या किंवा त्या खणात नीट बसते. दादरा आणि नगर हवेलीतील वारल्यांचा तारपा नाच हे याचे उत्तम उदाहरण आहे, आणि ‘आदिवासींच्या समूहनृत्यातील समकालन’ अशा साच्यातील वर्णनांनी त्याच्यावर अन्यायच केला आहे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण यांपासून बनवलेला तारपा वाजवणारा मध्यभागी असतो. स्त्री-पुरुष हात गुंफून त्याच्याभोवती साखळी करून फिरतात, आणि त्याच्याकडे पाठ न करण्याचा संकेत पाळतात. तारप्याची चाल बदलली की पावले बदलतात. हे नाते मुख्यतः एका दिशेने वाहणारे आहे आणि त्याला अनुलयनच म्हटले पाहिजे. परंतु साखळीच्या आत वेगळेच काही चालू असते: प्रत्येकाचा हात शेजाऱ्याच्या हातात असल्याने एकाचे पाऊल अडखळले की तो हिसका दोन्ही बाजूंना जातो आणि दोन्ही बाजूंनी सावरला जातो, तेथे पुढारी कोणी नसतो, आणि ते परस्पर समकालन असते. वारली चित्रांतून जगभर पोहोचलेली ती सर्पिल आकृती या दोन नात्यांची मिळून बनलेली आहे. मधला वादक काढला तर साखळी काही काळ जुळलेली राहील, पण कोणाच्या लयीने हे सांगता येणार नाही. हात सोडवले तर प्रत्येक जण तारप्याला बांधलेला राहील, पण एकमेकांपासून थोडाथोडा निसटेल.

नाचाच्या बाबतीत हे केवळ कल्पनेने ताडता येते. देहाच्या बाबतीत ते प्रयोगाने वेगळे करून दाखवलेले आहे. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या चेता एकमेकींना छेदून जातात त्या जागेच्या अगदी वर, सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका असतो आणि देहाचे मुख्य घड्याळ तेच. १९९५ मध्ये डेव्हिड वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या या पुंजक्यातील पेशी सुट्या करून वाढवल्या, तेव्हा प्रत्येक पेशी आपापल्या दैनिक लयीने आणि आपापल्या टप्प्यावर चालताना आढळली. अखंड पुंजक्यात मात्र त्या एकमेकींना धरून एकमुखाने चालतात. प्राणी सतत अंधारात ठेवला तरी हे आतले परस्पर समकालन टिकते, पण सूर्याशी असलेले अनुलयन सुटते आणि संपूर्ण पुंजका एकजुटीने भरकटू लागतो. एकाच अवयवात, एकाच वेळी, पहिली गोष्ट शाबूत आणि दुसरी नाहीशी, अशी अवस्था प्रत्यक्ष अस्तित्वात असताना दोहोंना एकच नाव देणाऱ्याला त्या अवस्थेचे वर्णन ‘समकालन आहे आणि समकालन नाही’ असेच करावे लागेल.

आणि सिल्वासाच्या पाळ्यांकडे परत आले तर दोन शब्दांची उपयुक्तता अगदी व्यवहाराच्या पातळीवर दिसते. पाळी बदलायची ती सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने की उलट, हा प्रश्न केवळ समकालनाच्या भाषेत विचारताच येत नाही, कारण भोंग्याच्या दृष्टीने दोन्ही क्रम सारखेच आहेत, हजेरीपटही दोन्हींत सारखाच भरतो. अनुलयनाच्या भाषेत मात्र त्याला उत्तर आहे: माणसाची अंगची लय २४ तासांहून थोडी लांब असल्याने तिला मागे सारणे पुढे ओढण्यापेक्षा सोपे जाते, म्हणून उशिराच्या दिशेने सरकणारा पहिला क्रम देहाला कमी जाचक ठरतो. सकाळी पाळी सुटल्यावर कामगाराने गडद चष्मा लावून घरी जावे का, झोपण्याच्या खोलीला जाड पडदा मिळावा का, रात्रीच्या पूर्वार्धात कारखान्यातील उजेड वाढवून उत्तरार्धात तो कमी करावा का, हे सगळे प्रश्न त्याच जातीचे आहेत; आणि तिसऱ्या पाळीच्या फाटकावर ते कोणी विचारायचे असतील, तर ते विचारण्यापुरता एक शब्द मराठीत असावा लागेल.